बाबासाहेबांची बुद्धी आली कोठून?



विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत बाबासाहेबांच्या जीवनावर एक लेख असतोच असतो. महूचा जन्म, साताऱ्याची शाळा, अमेरिका, महाडचे तळे, संविधान, नागपूरची दीक्षाभूमी हा क्रम आपल्या वस्तीतल्या लहान पोरालासुद्धा तोंडपाठ आहे. मग तोच लेख पुन्हा कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण सांगितले पाहिजे.

एका जयंतीला कार्यक्रम आटोपल्यावर काही मंडळी विहाराच्या ओट्यावर बसली होती. एका बाईचा मुलगा दहावीत गणितात गेला होता. कोणीतरी मोठेपणाने तिला म्हणाले की बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करीत, तुझ्या पोराला तेवढं सांग. त्यावर ती माय सहज बोलून गेली की ते बाबासाहेब होते बाप्पा, तसं डोकं आमच्या पोट्ट्याला कुठून येईन. सगळे हसले आणि विषय संपला. आमच्या मनात मात्र तो संपला नाही. कारण ती बाई एकटी नाही. आपल्या घराघरांत हेच बोलले जाते. बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर उंच लावायचा, आणि आपले पोर मात्र जमिनीवरच राहणार हे मनात धरून चालायचे.

गंमत अशी की जे लोक आपल्याला पाण्यात पाहतात त्यांचेही म्हणणे फार वेगळे नाही. ते म्हणतात, आंबेडकर विद्वान होते हे खरे, पण ते अपवाद. म्हणजे त्यांनी अपवाद म्हणून बाजूला काढले आणि आपण देव करून बाजूला काढले. दोन्ही वाटांनी आपली पोरे जागच्या जागीच राहिली. म्हणून आम्ही ठरवले की या वर्षी बाबासाहेबांचे चरित्र एकच प्रश्न हातात धरून सांगायचे. एवढी मोठी बुद्धी आली कोठून?

जुनी उत्तरे

या प्रश्नाला आपल्या देशात हजारो वर्षे एक ठरलेले उत्तर होते. बुद्धी जन्माने येते. वरच्या कुळात जन्मला तो हुशार, खालच्या कुळात जन्मला त्याने झाडू हाती घ्यावा. आणि खालच्या कुळात जन्म का झाला, तर पूर्वजन्मीचे पाप. म्हणजे तक्रार करायलाही जागा नाही.

युरोपातले लोक पूर्वजन्म मानीत नव्हते, पण तिथेही याच्या जवळपास जाणारे उत्तर निघाले. फ्रान्सिस गाल्टन नावाचे एक इंग्रज विद्वान होते. त्यांनी १८६९ साली एक ग्रंथ लिहिला. इंग्लंडातले मोठमोठे न्यायाधीश, मुत्सद्दी, सेनापती, शास्त्रज्ञ यांचे नातेवाईक त्यांनी मोजले आणि सांगितले की मोठी माणसे पुन्हा पुन्हा त्याच घराण्यांत निघतात, म्हणून प्रतिभा रक्तातून उतरते. स्वतः गाल्टन हे चार्ल्स डार्विन यांचे नात्याने भाऊ लागत, तेव्हा त्यांना ते पटणे साहजिक होते. पण न्यायाधीशाच्या मुलाला रक्ताबरोबर बापाची पुस्तके, चांगली शाळा, पोटभर जेवण आणि ओळखीपाळखीही मिळतात. एका घरात ही सगळी गाठोडी एकत्र बांधलेली असतात. त्यातले रक्ताचे किती आणि पुस्तकांचे किती, हे नुसती नाती मोजून कसे कळणार?

आता हाच प्रश्न सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरी नेऊन पाहू.

घर आणि बाप

भीमराव यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत झाला. रामजी आणि भीमाबाई यांचे ते चौदावे अपत्य. चौदातली बाळाराम, आनंदराव, मंजुळा, तुळसा आणि भीमराव एवढीच पुढे हयात राहिली. १८९६ च्या सुमारास भीमाबाई गेल्या. तेव्हा भीमराव पाच वर्षांचे होते. पाठीत कुबड असलेल्या मीराआत्याने पोरांना सांभाळले.

रामजींचे वडील मालोजी फौजेत होते. भीमाबाईंचे माहेर मुरबाडकरांचे, तेही फौजी घराणे. इथे थोडे थांबून विचार करावा. त्या काळी गावच्या शाळेत महाराच्या पोराला उंबरठ्याच्या आत कोणी घेत नव्हते. पण इंग्रजांच्या फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिकवण्याची सोय होती. रामजी तिथेच शिकले, लष्करी शाळेत मास्तर झाले, आणि पुढे हेडमास्तर म्हणून त्यांनी चौदा वर्षे काम केले. म्हणजे लाखो घरांना बंद असलेले एक दार थोड्याशा घरांसाठी किलकिले झाले होते. त्या फटीतून जो उजेड आला तो या घरात पडला. पुढे १८९२-९३ च्या सुमारास महारांची फौजेतली भरतीच सरकारने बंद केली. ते दार लागले. त्यानंतर त्या समाजातल्या पोरांची बुद्धी एकाएकी आटली काय? बुद्धी होती तेवढीच राहिली, वाट मात्र बंद झाली.

रामजी कबीरपंथी होते. घरात पहाटे आणि सांजेला भजन, पाठांतर आणि शिस्त. दारू-मटणाला घरात थारा नव्हता. मुलांचे गणित आणि इंग्रजी ते स्वतः घेत. तर्खडकरांच्या भाषांतराच्या पुस्तकांवरून त्यांनी भीमरावांकडून इंग्रजी घोटून घेतले. पुढे इंग्रजीत लिहिलेल्या ज्या ग्रंथांनी जगातले विद्वान थक्क झाले, त्याचा पाया पेन्शनर बापाने घरच्या चटईवर घातलेला आहे.

गिरणीत जायला निघालेला मुलगा

साताऱ्याच्या शाळेत भीमरावांना वर्गात वेगळे बसावे लागे. घरून नेलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतायचे, शिपाई नसला तर पाणी नाही. हे आपल्याला माहीत आहे. पण एक गोष्ट आपण फारशी सांगत नाही. त्या दिवसांत या मुलाचे अभ्यासाकडे लक्ष नव्हते. बागकाम करावे, शेळ्या राखाव्या असले बेत तो करी. साताऱ्याची पोरे मुंबईच्या गिरणीत कामाला लागतात हे ऐकून त्याने मुंबईला पळून जायचे ठरवले. भाड्याला पैसे नव्हते. आत्याच्या कमरेची पिशवी काढायचा त्याने तीन रात्री प्रयत्न केला. चौथ्या रात्री पिशवी हाताला लागली, आणि तिच्यात निघाला अर्धा आणा. अर्ध्या आण्यात मुंबई कशी गाठणार? त्या रात्री त्याने मनाशी ठरवले की पळायचे नाही, अभ्यास करून लवकर आपल्या पायावर उभे राहायचे. त्यानंतर त्याच्यात असा फरक पडला की मास्तरांनीच रामजींना सांगितले, या मुलाला जेवढे शिकवता येईल तेवढे शिकवा.

पुलगाव आणि हिंगणघाटच्या गिरण्यांत आपल्या किती तरी आजोबा-पणजोबांनी हयात घालवली. त्यांच्यापैकी कितीजण असेच लहानपणी शाळा सोडून निघाले असतील आणि त्यांच्या हाताला अर्ध्या आण्याऐवजी पुरेसे पैसे लागले असतील? त्या पिशवीत तेव्हा दोन रुपये असते तर एक गिरणी कामगार वाढला असता, आणि त्याच्या डोक्यात काय होते ते जगाला कधीच कळले नसते.

परळची एक खोली

पुढे कुटुंब मुंबईत परळच्या डबक चाळीत आले. खोली एकच. स्वयंपाक तिथेच, सामान तिथेच, जळण तिथेच, झोपणे तिथेच, जाते एका कोपऱ्यात आणि शेळीसुद्धा तिथेच. रामजींनी युक्ती काढली. भीमरावांना संध्याकाळी लवकर झोपवायचे, आपण दोन वाजेपर्यंत जागायचे, मग मुलाला उठवून आपण त्याच्या जागी आडवे व्हायचे. घर झोपलेले असताना मुलगा दिव्यापाशी बसून वाचायचा. आमच्याकडे जागा नाही, वातावरण नाही, असे आपण म्हणतो. रामजींकडेही नव्हते. रोजच्या दोन वाजताच्या हाकेने ते त्यांनी निर्माण केले.

पेन्शन महिना पन्नास रुपये. भीमरावांनी नवे पुस्तक मागितले की रामजी टोपी चढवून निघत. धाकटी लेक मुंबईतच दिली होती, तिच्याकडे दोन-चार रुपये मागत. तिच्याकडे नसले तर थोरलीकडे जात, तिचा एखादा दागिना घेत, तो सावकाराकडे गहाण टाकून पुस्तक आणत. पेन्शन आली की दागिना सोडवून लेकीला परत देत. बाबासाहेबांच्या विद्वत्तेत त्या दोन बहिणींच्या दागिन्यांचा वाटा आहे, हे आपल्या बायाबापड्यांनी लक्षात ठेवावे.

आता आनंदरावांकडे पाहा. तोच बाप, तीच आई, तेच रक्त, तेच घर. पण दोघांना शिकवण्याची ऐपत नव्हती, म्हणून आनंदरावांचे शिक्षण थांबले आणि ते नोकरीला लागले. जगाने आनंदरावांचे नाव घेतले नाही. त्यांच्यात किती बुद्धी होती ते आज कोणी सांगू शकत नाही, कारण ती पाहण्याची संधीच आली नाही. रक्ताने सगळे ठरत असते तर दोन भावांच्या वाटा एवढ्या वेगळ्या कशा झाल्या असत्या?

एल्फिन्स्टन हायस्कुलात भीमराव फळ्याकडे गणित सोडवायला निघाले तर फळ्यामागे ठेवलेले आपले डबे बाटू नयेत म्हणून पोरे ते उचलायला धावली. संस्कृत शिकायचे होते, ते शिकू दिले नाही म्हणून फारसी घ्यावे लागले. अशा परिस्थितीत १९०७ साली ते मॅट्रिक झाले. गुण मिळाले ७५० पैकी २८२. म्हणजे शेकडा अडतीसच्याही आत. त्या काळी अस्पृश्याच्या मुलाने मॅट्रिक होणे हीच मोठी गोष्ट, म्हणून सत्कार झाला आणि तो योग्यच झाला. पण आजच्या एखाद्या पालकाने ती गुणपत्रिका पाहिली असती तर काय म्हटले असते? याचे डोके चालत नाही, याला कामाला लावा, असेच ना?

हात देणारी माणसे

त्या सत्काराच्या सभेला कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजी होते. बागेत एकटाच वाचत बसणारा हा मुलगा त्यांनी आधीच हेरला होता. त्यांनी आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भीमरावांना भेट दिले. बुद्धाची ओळख त्या घरात अशी झाली. पुढच्या शिक्षणाला पैसा नव्हता, तेव्हा केळुसकरांच्याच खटपटीने बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनी महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली. एल्फिन्स्टन कॉलेजात म्युलर नावाचे प्राध्यापक पुस्तके आणि कपडे देत. १९१३ साली भीमराव बी. ए. झाले होते आणि त्याच वर्षी २ फेब्रुवारीला रामजी गेले. ज्या बापाने दोन वाजता उठवले त्याला मुलाची अमेरिका पाहायला मिळाली नाही.

सयाजीरावांच्याच शिष्यवृत्तीवर १९१३ च्या जुलैत भीमराव न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले. इथे आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्यांना जात विचारली नाही. वर्गात वेगळे गोणपाट नाही, पाण्याला शिपाई नाही, ग्रंथालयाचे दार सगळ्यांना सारखे उघडे. सेलिग्मन, ड्युई असे गुरू. आणि मग काय झाले पाहा. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, शिवाय समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, राज्यशास्त्र. १९१५ साली एम. ए., १९१६ च्या मे महिन्यात भारतातील जातींवरचा तो गाजलेला निबंध. जेवणातले पैसे वाचवून त्यांनी जुनी पुस्तके विकत घेतली. जो मुलगा मॅट्रिकला शेकडा अडतीसच्या आत होता, तोच हा. बदलले होते त्याच्या भोवतीचे जग. आणि त्या जगाचा कण न् कण वापरून घेण्याची त्याची जिद्द मात्र साताऱ्याच्या त्या रात्रीपासूनची होती.

तिथून ते लंडनला गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली, आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. मागाहून येणारे त्यांचे सामान पुस्तकांसकट महायुद्धात बोटीबरोबर बुडाले. करारानुसार ते बडोद्याला नोकरीवर गेले. एवढ्या शिकलेल्या माणसाला शहरात राहायला खोली मिळेना. शिपाई कागद हातात न देता दुरून टाकीत. नाव लपवून एका पारशी धर्मशाळेत उतरले, तर अकराव्या दिवशी लोक काठ्या घेऊन आले. शेवटी बागेत झाडाखाली बसून त्यांनी अश्रू ढाळले आणि मुंबईची गाडी धरली. न्यूयॉर्कमध्ये फुललेली बुद्धी बडोद्यात काय झाली? ती तीच होती. पण तिला उभे राहायला जमीन दिली नाही तर जगातला कितीही मोठा विद्वान झाडाखालीच बसणार.

पुन्हा कंबर कसली. १९१८ ते १९२० सिडनहॅम कॉलेजात शिकवले, पैसा पैसा जोडला. कोल्हापूरचे शाहू महाराज आणि नवल भथेना हे पारशी मित्र यांनी मदत केली. १९२० साली पुन्हा लंडन. सकाळी पावाचा तुकडा, दुपारी बहुधा काही नाही, रात्री भाजलेले पापड. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत वाचन. १९२१ साली एम. एस्सी. मग डी. एस्सी.चा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर लिहिला, तर परीक्षकांनी तो बदलून आणायला सांगितले. होय, बाबासाहेबांचाही प्रबंध परत आला होता. त्यांनी तो पुन्हा लिहिला आणि १९२३ साली पदवी मिळाली. बॅरिस्टरही झाले.

इकडे मुंबईत रमाई काय सोसत होत्या? तुटपुंज्या पैशात घर चालवत होत्या. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न अशी चार लेकरे त्यांच्या आणि बाबासाहेबांच्या हातून गेली. बाबासाहेबांच्या प्रत्येक पदवीवर रमाईचे नाव अदृश्य शाईने लिहिलेले आहे असे आम्हाला वाटते.

बाबासाहेबांनी स्वतः दिलेले उत्तर

एवढे सांगून झाल्यावर आमचे मत देण्यापेक्षा बाबासाहेबांचे मत सांगणे बरे. कारण या प्रश्नावर त्यांनी स्वतः लिहिले आहे. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावले. भाषण वाचून मंडळी घाबरली आणि परिषद रद्द केली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतःच छापले. तेच जातिनिर्मूलनावरचे पुस्तक. त्याच वर्षी बाबासाहेब आपल्या वर्ध्यालाही येऊन गेले होते आणि सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, गांधीजींना भेटले होते. धर्मांतराची घोषणा होऊन तेव्हा काही महिनेच झाले होते. आठ वर्षांपूर्वी, १९२८ साली, जमनालाल बजाज यांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना उघडे केले होते. पण देवळाचे दार उघडून भागत नाही, माणसाची वाढच अडवणारी व्यवस्था मोडली पाहिजे, असे बाबासाहेबांचे सांगणे होते.

त्या पुस्तकात ते म्हणतात की माणसाची उंची तीन गोष्टींवर ठरते. पहिली, आईबापांकडून शरीराबरोबर आलेला अनुवंश. दुसरी, समाजाकडून मिळालेला वारसा, म्हणजे आईबापांची देखभाल, शिक्षण आणि साठवलेले ज्ञान. तिसरी, स्वतःची मेहनत. या तिन्ही बाबतींत माणसे सारखी नसतात हे ते मोकळेपणाने मान्य करतात. जन्मतः सगळ्यांचे डोके अगदी एकसारखे असते असे खोटे समाधान त्यांनी आपल्याला दिलेले नाही, हे नीट लक्षात घ्यावे.

पण त्यांचा खरा मुद्दा पुढे आहे. माणसे असमान आहेत म्हणून त्यांना सुरुवातीपासून असमान वागवले तर काय होईल? ज्याच्याकडे घराण्याचे नाव, पैसा, शिक्षण, ओळखी आहेत तोच शर्यत जिंकेल. ही लायक माणसाची निवड नव्हे, ही सवलत मिळालेल्याची निवड. समाजाला आपल्या माणसांतली सगळी ताकद बाहेर काढायची असेल तर सुरुवातीलाच सर्वांना जास्तीत जास्त समान वागवले पाहिजे. आणि जातीमुळे वंश सुधारतो म्हणणाऱ्यांना त्यांनी विचारले की मग तो सुधारलेला वंश आहे कुठे? एवढी शतके जाती पाळूनही इथल्या माणसांची उंची आणि दम एवढा कमी का?

आपण कापसाच्या मुलखातली माणसे, म्हणून हीच गोष्ट आम्ही आपल्या भाषेत सांगतो. एकाच पोत्यातली सरकी घ्या. अर्धी काळ्या कसदार वावरात पेरा आणि पाणी द्या, अर्धी बरड्यावर टाका आणि वळूनही पाहू नका. काळ्या वावरात एक पऱ्हाटी दुसरीपेक्षा उंच होईल, तो बियाण्याचा फरक म्हणता येईल. पण काळ्या वावरातली पऱ्हाटी छातीला लागते आणि बरड्यावरची गुडघ्यालाही येत नाही, हा फरक बियाण्याचा नाही. बरड्यावरचे बियाणेच हलके असे म्हणणारा शेतकरी आपण पाहिला आहे काय? माणसांच्या बाबतीत मात्र हेच हजारो वर्षे म्हटले गेले.

पुढचे शास्त्रही याच बाजूने बरेच बोलले आहे. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी बुद्धीची पहिली चाचणी केली, ती मागे पडलेल्या मुलांना ओळखून जास्त शिकवता यावे म्हणून. शिकवणीने बुद्धी वाढते असे ते मानत. पुढे दुसऱ्यांनी त्याच चाचणीने माणसांवर कायमचे शिक्के मारले, ही गोष्ट वेगळी. न्यूझीलंडमधले प्राध्यापक जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात दाखवले की अनेक देशांत पिढी दर पिढी अशा चाचण्यांतले गुण वाढत गेले. रक्त काही पन्नास वर्षांत बदलत नाही. शाळा, आहार, राहणी बदलते. जुळ्या भावंडांचा अभ्यास करणारे सांगतात की अनुवंशाचाही वाटा असतो. असू द्या. बाबासाहेबांनीही तो नाकारला नव्हता. अनुवंश आपल्या हातात नाही. बाकीच्या दोन गोष्टी आहेत.

तथागतांचा मार्ग

आणि ही दृष्टी बाबासाहेबांना तथागतांच्या धम्मात भेटली. शाक्यांची हजामत करणारा उपाली संघात आला आणि विनयाचा सर्वांत मोठा जाणकार झाला. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनय त्यानेच सांगितला. केरकचरा काढणारा सुनीत थेरपदाला पोचला. संघात त्यांना कोणी कूळ विचारले नाही. तिथे शिकवणारे होते, बरोबरीने बसायला जागा होती आणि साधना ज्याची त्याने करायची होती. बाबासाहेबांचे तीन मुद्दे आठवा, त्यातले दोन इथे हजर आहेत. परिनिर्वाणानंतर १९५७ साली निघालेल्या आपल्या धम्मग्रंथातही बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माने माणसाची आजची स्थिती ठरते हे मत खोडून काढले आहे. तेव्हा पोराचे नशीबच तसे, असे बौद्धाने म्हणणे म्हणजे दीक्षा घेऊन जुनेच पाठ म्हणणे.

बाबासाहेब नुसते लिहून थांबले नाहीत. त्यांना स्वतःला जे मिळाले ते दुसऱ्यांना मिळावे म्हणून त्यांनी एकेक दार उघडले. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि पुढच्याच वर्षी सोलापूरला वसतिगृह सुरू झाले, म्हणजे डबक चाळीच्या खोलीला पर्याय झाला. व्हाइसरॉयच्या मंडळात मंत्री असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी दरसाल तीन लाख रुपयांच्या शिष्यवृत्त्या मिळवल्या, परदेशी शिकायची सोय केली, म्हणजे सयाजीरावांच्या जागी सरकार उभे केले. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईला सिद्धार्थ कॉलेज, तेही सकाळचे, नोकरी करणाऱ्या पोरांना शिकता यावे म्हणून. मग औरंगाबादला मिलिंद. आनंदरावांसारखी नोकरी धरावी लागलेली मुले सकाळच्या त्या वर्गांत बसू लागली. आपण अवतार आहोत असे त्यांना वाटत असते तर एवढी खटपट त्यांनी कशाला केली असती?

आपण काय करायचे

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी वर्ध्याकडूनही आपली वडीलधारी माणसे नागपूरला गेली. कोणी रेल्वेने, कोणी बैलगाडीने, कोणी पायी, पांढरे कपडे घालून, शिदोरी बांधून. दीक्षेहून परतल्यावर अनेकांनी पहिले काम केले ते पोराला शाळेत घालण्याचे. त्याच घरांतून पुढे मास्तर, नर्सबाई, इंजिनिअर, डॉक्टर निघाले. एका पिढीत रक्त बदलले काय?

आमचा लेख इथे संपतो. आम्ही असे म्हणत नाही की वस्तीतला प्रत्येक पोरगा बाबासाहेब होईल. तसे कोणी होणार नाही, आणि तसा बोजा लेकराच्या डोक्यावर ठेवूही नये. पण जेवढे त्याच्यात आहे तेवढे बाहेर आले की नाही, एवढा हिशेब तर आपण ठेवू शकतो. त्यासाठी रामजींसारखी हाक मारणारा बाप पाहिजे, पुस्तकासाठी दागिना काढून देणारी बहीण पाहिजे, बागेत वाचणारे पोर हेरणारे केळुसकर पाहिजेत. हे काम बुद्धिमान माणसाचेच आहे असे नाही. ते आपल्यापैकी कोणीही करू शकतो.

म्हणून वर्धापनदिनाच्या निमित्ताने आमची सर्व उपासक-उपासिकांना एवढीच विनंती आहे. विहारात संध्याकाळी मुलांना बसायला जागा आणि दिवा असू द्या. घरातली जुनी पुस्तके रद्दीत न घालता इथे आणून द्या. ज्याला गणित येते त्याने आठवड्यातला एक तास द्यावा. आणि पोराला ढ म्हणणे आजपासून बंद करा. ७५० पैकी २८२ गुणांची ती गुणपत्रिका आठवा, आणि ती पाहूनही पोराला पुढे शिकवणारा बाप आठवा.

ओट्यावर बोलून गेलेल्या त्या माउलीला आम्ही तेव्हा उत्तर देऊ शकलो नाही. ते आता देतो. बाई, तुमच्या पोराचे डोके किती आहे ते आम्हाला माहीत नाही आणि तुम्हालाही नाही. ते कळायला अजून त्याला पुरते शिकवायचे आहे. तेव्हा उद्यापासून त्याला विहारात पाठवा.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!